नाताळचे झाड देवळात चालते का?

नाताळच्या तीन-चार आठवडे आधी आमच्या वसईत सजावटीची बैठक बसते आणि एक वाद दरवर्षी नव्याने उभा राहतो. तरुण मुले म्हणतात, यंदा वेदीच्या दोन्ही बाजूंना उंच झाडे लावू, माळा सोडू. मागच्या बाकावरून एखादी आजी म्हणते, "बाबांनो, झाड घरात शोभतं. देवळात ते कशाला?" मग कुणी यिर्मयाचे वचन काढते, कुणी व्हॅटिकनचे झाड दाखवते, कुणी म्हणते हे मुळात प्रोटेस्टंटांचे. आवाज चढतात, आणि नियम काय सांगतो हे शेवटपर्यंत कुणी उघडून बघत नाही. ते उघडून बघावे म्हणून हा लेख.

"कॅथलिक नियमांत चर्चमध्ये झाडाला मनाई आहे"

अशी मनाई कुठेही नाही. 1983च्या धर्मसंहितेतले 1210 क्रमांकाचे कलम पवित्र स्थळांविषयी आहे. उपासना, भक्ती आणि धर्म यांना पोषक असेल तेवढेच तिथे आणावे, स्थळाच्या पावित्र्याशी विसंगत असेल ते आणू नये, असे ते सांगते. कसोटी दिली आहे, वस्तूंची यादी दिलेली नाही. झाड त्या कसोटीला उतरते की नाही, हे ते कसे आणि कशासाठी उभे केले यावर ठरते.

झाडाविषयी थेट बोलणारा रोमचा दस्तऐवजही आहे. उपासनेची देखरेख करणाऱ्या व्हॅटिकनच्या विभागाने 2001 साली लोकभक्ती आणि उपासना यांच्यावर एक मार्गदर्शिका काढली. तिच्या 109व्या परिच्छेदात नाताळच्या झाडाचा विचार आहे. त्याचा इतिहास काहीही असो, आज ते ख्रिस्ती लोकांत रुजलेले प्रभावी चिन्ह आहे, असे ती मान्य करते. एदेन बागेतले जीवनाचे झाड आणि क्रुसाचे लाकूड या दोन्हींची त्यातून आठवण होते आणि ख्रिस्त हाच खरा, कायम हिरवा जीवनवृक्ष आहे, असा अर्थही ती लावून देते. मात्र हा परिच्छेद वाचताना एक गोष्ट लक्षात येते: मार्गदर्शिकेच्या डोळ्यांसमोर मुख्यतः कुटुंब आहे. झाडापाशी घरच्यांनी जमून प्रार्थना करावी, असे ती सुचवते. म्हणजे आजीचे म्हणणे निराधार नाही. झाडाचे पहिले घर खरोखर घरच आहे. पण चर्चचे दारही त्याला बंद केलेले नाही.

अमेरिकेतल्या धर्माध्यक्षांच्या आशीर्वादविधींच्या ग्रंथात तर नाताळच्या झाडाला आशीर्वाद देण्याचा स्वतंत्र विधी आहे. झाड नाताळच्या अगदी तोंडावर उभे करावे, ते प्रकटीकरणाच्या सणापर्यंत ठेवता येते आणि दिवे आशीर्वादाच्या प्रार्थनेनंतर लावावेत, असे त्यात आहे. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. अंधारातल्या झाडाभोवती माणसे उभी आहेत, प्रार्थना होते, आणि मग उजेड येतो. स्विच दाबणे हाच विधीचा भाग होतो.

"बायबलमध्येच झाड सजवणे निषिद्ध आहे"

हा आक्षेप यिर्मयाच्या दहाव्या अध्यायावर उभा आहे. रानातून झाड तोडतात, कारागीर त्यावर हत्यार चालवतो, सोन्याचांदीने ते मढवतात, हलू नये म्हणून खिळ्यांनी घट्ट बसवतात, असे वर्णन तिथे आहे. वाचणाऱ्याला चमकणारे झाड आठवते हे खरे. पण पुढचीच ओळ वाचावी. त्या वस्तूला बोलता येत नाही, चालता येत नाही, तिला उचलून न्यावे लागते, तिला भिऊ नका, असे संदेष्टा सांगतो. तो लाकडाच्या कोरीव दैवतांविषयी बोलतो आहे, आणि तेही येशूच्या जन्माच्या सुमारे सहाशे वर्षे आधी. नाताळच्या झाडाला कुणी नवस बोलत नाही की त्याच्यापुढे गुडघे टेकत नाही.

त्याच बायबलात उलट बाजूही आहे. शलमोनाच्या मंदिराच्या भिंती गंधसरूच्या लाकडाने मढवलेल्या होत्या आणि त्यांवर खजुरीची झाडे आणि उमललेली फुले कोरली होती. यशयाच्या साठाव्या अध्यायात लबानोनच्या झाडांचे वैभव देवाच्या पवित्रस्थानाची शोभा वाढवायला येईल, असे वचन आहे. प्रकटीकरणाच्या सणाचे पहिले वाचन याच अध्यायातले असते. ते सहाव्या वचनापाशी थांबते आणि झाडे तेराव्या वचनात येतात, म्हणून मिस्सेत ती आपल्या कानांवर पडत नाहीत.

"झाड मूळचे मूर्तिपूजकांचे, म्हणून ते अपवित्र"

इथे घाईने हो किंवा नाही म्हणू नये. हिवाळ्यात हिरव्या फांद्यांनी घर सजवण्याची रीत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे, आणि चर्चला तिची धास्ती वाटत होती हेही खरे. आजच्या पोर्तुगालमधल्या ब्रागाचा बिशप मार्टिन याच्या नावावरच्या सहाव्या शतकातल्या नियमांत नववर्षाला घरांभोवती लॉरेलची पाने आणि झाडांचा हिरवा पाला बांधू नये, असे बजावले आहे. त्या काळी त्या पाल्याला जुन्या दैवतांचा वास होता.

पण थोड्याच वर्षांनी, 601 साली, पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या मठाधिपतीला पत्र लिहिले. देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, आणि सणाच्या दिवशी लोकांना चर्चभोवती झाडांच्या फांद्यांचे मांडव घालू द्या, असा त्याचा आशय आहे. इंग्रज इतिहासकार बीड याने ते पत्र जपून ठेवले. वस्तू कुठून आली यापेक्षा ती आता कुणाची झाली, हा प्रश्न ग्रेगरींना महत्त्वाचा वाटला. रोममधले पँथियन हे सर्व दैवतांचे मंदिर 609 साली चर्च झाले ते याच वाटेने. आज सेंट पीटर चौकात नाताळचे झाड उभे राहते त्याच्या शेजारचा दगडी स्तंभ इजिप्तमधून आलेला आहे. पोप पाचवे सिक्स्टस यांनी 1586 साली तो तिथे उभारला आणि त्याच्या माथ्यावर क्रूस बसवला. त्या स्तंभाविषयी कुणी तक्रार करत नाही.

शिवाय, आपण ज्याला नाताळचे झाड म्हणतो ते जुन्या मूर्तिपूजेतून सरळ चालत आले, याला पुरावा नाही. आठव्या शतकात संत बोनिफेस यांनी जर्मनीतल्या गाइस्मार इथे थोर या दैवताला वाहिलेला ओक तोडला, ही हकीकत जुन्या चरित्रात आहे. त्यात त्या लाकडातून प्रार्थनामंदिर बांधल्याचे म्हटले आहे. ओकाच्या बुंध्याशी फरचे रोप उगवले आणि तेच पहिले नाताळचे झाड, ही भर फार उशिराची. गोष्ट म्हणून मुलांना सांगायला ती छान आहे. इतिहास म्हणून सांगू नये.

"हे प्रोटेस्टंटांचे, आपला तो गोठा"

मला या विषयात सर्वांत आवडते ते पान इथे आहे. मध्ययुगीन जर्मनीत 24 डिसेंबर हा आदाम आणि एवेचा दिवस मानत. त्या सुमारास लोक एदेन बागेचे नाटक करत. रंगमंचावर बाग दाखवायला ऐन हिवाळ्यात हिरवे झाड कुठले मिळणार? म्हणून फरचे झाड आणून त्याला सफरचंदे बांधत. नाटके हळूहळू मागे पडली, झाड घरात आले. 1605 सालच्या एका नोंदीत स्ट्रासबुर्गच्या घरांमधल्या झाडांचे वर्णन आहे: त्यांवर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदे, मिठाई आणि पातळ पापड्या टांगलेल्या होत्या. या पापड्या मिस्सेतल्या भाकरीसारख्याच, फक्त त्यांवर अभिषेकाची प्रार्थना झालेली नसे. एका फांदीवर पापाचे फळ, दुसऱ्या फांदीवर तारणाची भाकर. ज्या झाडापाशी माणूस हरला, त्याची भरपाई क्रुसाच्या झाडावर झाली, हा विचार 14 सप्टेंबरच्या पवित्र क्रुसाच्या सणाला आपण मिस्सेत ऐकतोच. आज आपण लाल गोळे टांगतो, ते त्या सफरचंदांचे वारस आहेत. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात हे एकदा तरी सांगायला हवे.

आता प्रोटेस्टंट म्हणण्यापुरते. आल्सासमधल्या सेलेस्टा या गावाच्या 1521च्या हिशेबवहीत नाताळसाठी झाडे तोडू नयेत म्हणून राखण करणाऱ्यांना पैसे दिल्याची नोंद आहे. हे गाव पुढेही कॅथलिकच राहिले. मार्टिन लूथरने ताऱ्यांनी भरलेले आकाश पाहून झाडावर मेणबत्त्या लावल्या, या कथेला त्याच्या काळातला आधार नाही. सतराव्या शतकात स्ट्रासबुर्गमध्ये झाडावर टीका करणारा धर्मोपदेशक डानहाउअर हा लूथरपंथीयच होता. तरीही झाड लूथरपंथी घरांतून अधिक पसरले आणि कॅथलिक घरांत गोठ्याला मान राहिला, हे खरे आहे. व्हिएन्नात झाडाची फॅशन 1816 साली आणणारी राजस्नुषा हेन्रिएट ही प्रोटेस्टंट होती. म्हणून ओळख अशी बनली. सेंट पीटर चौकात पहिले झाड उभे राहायला 1982 साल उजाडावे लागले, आणि ते पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. 2004च्या डिसेंबरमध्ये त्यांनी चौकातल्या भाविकांना झाडाचा अर्थही उलगडून सांगितला: थंडीत हिरवे राहणारे झाड न संपणाऱ्या जीवनाची खूण आहे, आणि ते जीवन दुसऱ्यासाठी दिले तरच हिरवे राहते.

गोठाही एकेकाळी नवाच होता. संत फ्रान्सिस यांनी 1223 साली ग्रेच्चो गावाजवळ जिवंत बैल आणि गाढव आणून गव्हाणी मांडली, तीही चर्चमध्ये नव्हे, डोंगरात.

"पोपच्या दारात आहे, मग आपण कुठेही लावू"

माझा खरा आक्षेप या समजावर आहे. चौक म्हणजे वेदी नव्हे. सेंट पीटरचे ते झाड उघड्यावर उभे असते, येणाऱ्याचे स्वागत करत. त्यावरून वेदीच्या अंगाला झाड लावायची मुभा निघत नाही.

रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांतला 305वा नियम सांगतो की वेदीची सजावट संयमाने करावी आणि फुले वेदीवर न ठेवता तिच्याभोवती ठेवावीत. झाडाला तो नावाने लागू नसला, तरी त्यातला विचार लागू आहे. चर्चमध्ये नजर जायची ती वेदीकडे, वचन वाचले जाते त्या मंचाकडे आणि पवित्र भाकर ठेवलेल्या मंजूषेकडे. झाडाच्या लुकलुकत्या माळा मिस्सेच्या ऐन प्रार्थनेत धर्मगुरूच्या मागे चमकत असतील, तर मुलाचे डोळे कुठे जातील हे कुठल्याही आईला विचारा. अमेरिकी आशीर्वादग्रंथ गोठ्याविषयीही स्पष्ट आहे: चर्चमध्ये गोठा मांडायचा तर वेदीच्या पवित्र परिसरात नको, लोकांना सहज जाता येईल आणि प्रार्थना करता येईल अशा जागी हवा. खुद्द गोठ्याला जे लागू, ते झाडाला अधिकच लागू. बाजूच्या खांबापाशी, गोठ्याच्या मागे, किंवा दाराजवळच्या ओसरीत झाड सुंदर दिसते. मध्यभागी ते अडचणच होते.

दुसरी चूक वेळेची. नाताळ 24 तारखेच्या संध्याकाळी सुरू होतो. त्याआधीचे चार रविवार आगमनकाळाचे, जांभळ्या वस्त्रांचे, वाट पाहण्याचे. वर सांगितलेला 305वा नियमच म्हणतो की या काळात वेदीची फुलांची सजावट मोजकी असावी, येशूजन्माचा पूर्ण आनंद आधीच उधळू नये. पण 1 डिसेंबरला झाड पेटते आणि 1 जानेवारीला उतरते, म्हणजे खरा नाताळ सुरू झाल्यावर आठवड्याभरात सगळे रिकामे. नाताळकाळ तर प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. ऐन चोवीस तारखेला स्वयंसेवकांना श्वास घ्यायला सवड नसते, हे मला माहीत आहे. मग झाड आधी उभे करा, पण दिवे मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत बंद ठेवा. न पेटलेले झाडही वाट बघायला शिकवते.

"हे परदेशी, आपल्या मातीतले नव्हे"

वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली, आणि नाताळ हा शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतला. त्यांच्याबरोबर गोठा आला, झाड नाही. झाड फार उशिरा आले, आणि ते फर नव्हे. आपल्या किनाऱ्यावर लोक सुरूची फांदी तोडून बादलीतल्या वाळूत रोवतात, नर्सरीतून अरॉकेरियाची कुंडी आणतात. अरॉकेरिया दक्षिण पॅसिफिकच्या बेटांवरचे आणि सुरूसुद्धा कोकणचा मूळ रहिवासी नव्हे, तो वाऱ्यापासून आडोसा म्हणून लावला गेला. आज सुरूच्या बनाशिवाय आपला किनारा डोळ्यांसमोर येत नाही.

व्हॅटिकनने 1969 साली भारतातल्या मिस्सेसाठी बारा मुद्द्यांना मंजुरी दिली. त्यात पंचांग प्रणाम, आरती, मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा अशा गोष्टी होत्या. तेव्हाही आपल्यातल्या काहींना ते "बाहेरचे" वाटले. समईला हरकत घ्यायची आणि प्लास्टिकच्या फरला नाही, हे मला पटत नाही. दोघांना एकच माप लावू या. झाड लावायचेच तर सुरूची फांदी लावा, तीही वनखात्याच्या लागवडीतून चोरून तोडलेली नको. नाहीतर कुंडीतले रोप आणा, ते सण झाल्यावर आवारात लावता येते.

2001च्या त्याच मार्गदर्शिकेत, 109व्या परिच्छेदाच्या शेवटी, एक वाक्य आहे ज्यावर आमच्या बैठकीत आजवर कुणी बोललेले नाही. झाडाखालच्या भेटींमध्ये गरिबांसाठीही भेट असावी, कारण गरीब प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबातले आहेत, असे ते सांगते. काही देशांतल्या धर्मग्रामांत चर्चच्या झाडावर गोळ्यांच्या जागी कागदाच्या चिठ्ठ्या टांगतात. एकीवर "शाळेचे बूट, आठ वर्षांची मुलगी", दुसरीवर "औषधे, महिन्याची", असे लिहिलेले असते. ज्याला जमेल तो एक चिठ्ठी काढून नेतो आणि वस्तू आणून झाडाखाली ठेवतो. नाव कुणाचेच नाही, देणाऱ्याचे नाही आणि घेणाऱ्याचेही नाही. यंदाच्या बैठकीत मी हेच मांडणार आहे. झाड दाराजवळच्या ओसरीत, दिवे चोवीसच्या रात्री, आणि चिठ्ठ्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपासून.