दुसऱ्या डोळ्याचे दुखणे

माझगावची गोदी असो की शेजारचा दारूखान्याचा लोखंडबाजार, छिन्नी आणि ग्राइंडर आला की डोळ्यात उडणारी किरच आलीच. ती शिरते एकाच डोळ्यात. पण क्वचित, बहुधा दोन आठवडे ते वर्षभरात, धडधाकट असलेला दुसरा डोळाही लाल होतो, त्याला उजेड सोसेनासा होतो, नजर मंदावते. हाच ‘सिम्पथेटिक ऑप्थॅल्मिया’. लुई ब्रेल यांचेही असेच झाले असावे, असे मानतात. १८१२ मध्ये वडिलांच्या खोगिराच्या दुकानात आरी एका डोळ्यात घुसली आणि पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

एकोणिसाव्या शतकात ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झींनी या रोगाचे सविस्तर वर्णन केले आणि व्यथा दृष्टिनसेच्या वाटेने पलीकडे जात असावी, असे सुचवले. पुढे, १९१०च्या सुमारास, एल्शनिग यांनी डोळ्यातल्या रंगद्रव्याविरुद्ध शरीरच उठते, असे मांडले. तिथून नसांचा विषय मागे पडला तो पडलाच. सगळा दोष लिम्फोसाइट या प्रतिकारशक्तीच्या पेशींवर टाकून मोकळे होणारे पंडित आजही नसांचे नाव काढले की मान फिरवतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे.

मेडावार यांचे १९४८चे कलमाचे प्रयोग आणि डोळ्याला मिळालेली प्रतिकारशक्तीची सवलत, म्हणजे डोळ्यात परके कलम टिकू शकणे, जाणत्यांना ठाऊक आहे. १९७७ मध्ये कॅप्लान आणि स्ट्रायलीन यांनी दाखवले की, डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात टाकलेल्या परक्या पेशींना शरीर सौम्यपणे वागवते.

खरी गंमत त्यानंतरची. १९९५ मध्ये फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी उंदरांना अंधारात ठेवले, तेव्हा हा सौम्यपणाच नाहीसा झाला. त्यामागे होती मज्जातंतूंची रसायने: व्हीआयपी हे पेप्टाइड सौम्यपणाच्या बाजूचे, तर ‘सबस्टन्स पी’ त्याला मोडता घालणारे. म्हणजे डोळ्यावर पडणारा उजेड नसांमार्फत प्रतिकारशक्तीशी बोलतो! २०१२ मध्ये बॉस्टनच्या शेपन्स संस्थेतील जोन स्टाइन-स्ट्रायलीन यांच्या गटाने उंदराच्या एकाच दृष्टिपटलावर लेसरचा चटका दिला. सवलत दोन्ही डोळ्यांतून गेली. सबस्टन्स पीचा मार्ग रोखला, तर ती टिकली. मॅकेन्झींची वाट शब्दशः खरी ठरली असे नव्हे, पण त्यांचा प्रश्न जिवंत निघाला. उंदरावरून माणसाबद्दल निकाल देता येत नाही, हे मान्य. तरी प्रश्नच विचारायचा नाही, हे मान्य नाही.

दोन डोळ्यांमधल्या नसांच्या या नात्याचा एक धागा जुन्या डॉक्टरांना ओपीडीतच सापडत असे. युव्हियायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या सुजेच्या, रुग्णाच्या चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारली, की दुखरा डोळा कळवळे. बाहुल्या नसांनी जोडलेल्या असल्याने एकीबरोबर दुसरी आकसते आणि सुजलेल्या स्नायूवर ताण येतो. त्याच स्नायूला विसावा म्हणून अ‍ॅट्रोपिन. कापसाच्या धाग्याने कॉर्नियाची संवेदना तपासणेही तेव्हा रोजचे होते. आता रुग्ण थेट दृष्टिपटलाचे चित्र काढणाऱ्या ओसीटी यंत्रापुढे बसतो. चित्र सुरेख येते, पण काम कुठले, जुनी इजा कुठली, हे विचारायचे राहून जाते.

गोदीतल्या जखमी डोळ्यांना जे. जे. रुग्णालयाच्या आवारातले कावसजी जहांगीर नेत्ररुग्णालय जवळच आहे. दिवाळीत तर फटाक्यांनी डोळे जखमी होतात गल्लोगल्ली. म्हणून मुंबईत डोळ्यांच्या प्रत्येक केसपेपरवर जुनी जखम, कामाचे स्वरूप आणि टॉर्चच्या परीक्षेचा निकाल यांची नोंद सक्तीची व्हावी. फटाक्याने डोळा फुटलेल्या मुलाच्या आईवडिलांनाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे: दुसरा डोळा लाल झाला किंवा उजेड खुपू लागला, तर त्याच दिवशी या.