पोकळीचें शिल्प

शिल्पकला म्हटली कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन गोष्टी उभ्या राहतात. एक देवळांतली पाषाणमूर्ति, आणि दुसरी चौकांतला कोणा थोर पुरुषाचा ओतीव पुतळा. ह्या दोहोंच्या बाबतींत आपण एक गोष्ट गृहीत धरलेली असते. शिल्प म्हणजे भरीव वस्तु. तिला वजन असतें, तिला एक बाह्यरेषा असते. त्या रेषेच्या आंत शिल्प आणि बाहेर नुसती हवा. ती हवा शिल्पकाराच्या कामाची नाहीं, ती फुकट मिळालेली आहे, असें आपण समजतों. आज ज्या पोलिश शिल्पकर्तीविषयीं मला बोलावयाचें आहे, त्यांनीं नेमकी ह्याच समजुतीवर हरकत घेतली. शिल्पकाराचें खरें द्रव्य दगड नव्हे, तर ही पोकळीच आहे, असें त्यांचें म्हणणें. आणि तें त्यांनीं पत्र्याचे तुकडे कापून व जोडून सिद्ध करून दाखविलें.

त्यांचें नांव काताझिना कोब्रो. जन्म २६ जानेवारी १८९८ रोजीं मॉस्को येथें झाला. वडिलांचें घराणें बाल्टिक किनाऱ्याकडील जर्मनांचें, आई रशियन. बालपण रीगा शहरांत गेलें. म्हणजे जन्मानें त्या पोलिश नव्हत्याच. त्या पोलिश झाल्या त्या विवाहानें आणि कामानें. आणि हीच गोष्ट, पुढें आपण पाहूं, त्यांना फार महाग पडली.

१९१७ सालीं, म्हणजे राज्यक्रांतीच्याच वर्षीं, त्या मॉस्कोच्या चित्र, शिल्प व वास्तुकलेच्या शाळेंत दाखल झाल्या. महायुद्ध चालूं असतां त्या एका रुग्णालयांत जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत असत. तेथें त्यांची गांठ झारच्या सैन्यांतील एका तरुण पोलिश अधिकाऱ्याशीं पडली. स्फोटांत त्याचा एक हात व एक पाय गेला होता, आणि दृष्टीलाहि इजा झाली होती. ह्या गृहस्थाचें नांव व्वादिस्वाव स्त्शेमिन्स्की. नांव उच्चारतांना आपल्या जिभेला थोडा व्यायाम होतो खरा. पण पोलंडच्या नव्या चित्रकलेंत त्याला टाळून पुढें जातां येत नाहीं. एका हाताचा हा मनुष्य पुढें चित्रकार झाला. १९२० सालीं स्मोलेन्स्क येथें दोघांचा विवाह झाला. सुप्रसिद्ध रशियन चित्रकार मालेविच ह्याच्या गटाची तेथील शाखा हें जोडपें चालवीत असे. कोब्रोबाईंच्या आरंभींच्या कृतींत छतापासून टांगलेल्या दोन रचना आहेत. पायाखालीं चौथरा नाहीं, जमिनीशीं संबंध नाहीं. शिल्प अधांतरीं लोंबतें आहे. पुढें काय येणार ह्याची चाहूल तेथेंच लागते.

१९२२ च्या सुमारास हें जोडपें पोलंडांत आलें. १९२४ सालीं रीगा येथें धर्मविधीनें पुन्हां विवाह झाला आणि कोब्रोबाई पोलंडच्या नागरिक झाल्या. त्यानंतरचीं वर्षें लहान लहान गांवांत शिक्षकी करण्यांत गेलीं. त्यांतलें कोलुश्की हें एक रेल्वेचें जंक्शन. युरोपांतील नव्या शिल्पकलेचा एक महत्त्वाचा विचार पॅरिसच्या नव्हे, तर अशा आडगांवच्या भाड्याच्या घरांत आकारास आला, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. १९३१ सालीं तीं दोघें वुच शहरीं राहावयास गेलीं. आपल्या नकाशांत ह्या शहराचें नांव लोड्झ असें छापतात. शहर कापडगिरण्यांचें, धुराड्यांचें आणि मजुरांचें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत तेथील नगरपालिकेच्या संग्रहालयांत नव्या कलेचा एक संग्रह लोकांसाठीं खुला झाला. स्त्शेमिन्स्की, कोब्रोबाई व त्यांचे कांहीं मित्र ह्यांनीं परदेशच्या कलावंतांना पत्रें लिहून, एक पैसाहि न मोजतां, केवळ देणगीरूपानें तो जमविला होता. लेजे, आर्प, एर्न्स्ट, श्विटर्स अशांनीं आपल्या कृति पाठविल्या. पुढें कृतींची संख्या शंभरावर गेली. नव्या कलेसाठीं सार्वजनिक संग्रहालयांत दालन असणें ही गोष्ट त्या काळीं युरोपांतहि विरळाच होती.

आतां त्यांच्या मूळ विचाराकडे वळूं. चित्राला चौकट असते. चित्रकारानें कांहींहि केलें तरी त्याच्या जगाला चार कडा आहेत, आणि त्या कडांशीं इमान राखूनच त्याला रचना करावी लागते. शिल्पाला अशी चौकट कोठें आहे? मूर्तीच्या पाठीमागची मोकळी जागा कोठें संपते? खोलीच्या भिंतीपाशीं? खिडकीबाहेर? विचार करूं लागलें कीं ती कोठेंच संपत नाहीं. मग मूर्तीची बाह्यरेषा म्हणजे काय? माझ्या शब्दांत सांगावयाचें तर ती एक तटबंदी आहे. अखंड अवकाशांत शिल्पकार एक गढी बांधतो आणि आंतला दगड व बाहेरचा अवकाश ह्यांची फारकत करतो. इजिप्तच्या प्राचीन मूर्तींत ही गढी सर्व बाजूंनीं बंद आहे. बरोक काळांतील मूर्तींचे हात आणि वस्त्रांच्या चुण्या बाहेर झेप घेतात. पण त्या मूर्तींचाहि गाभा भरीवच राहतो. कोब्रोबाईंनीं गढीच पाडली. शिल्पाला आंत आणि बाहेर असा भेदच असूं नये, शिल्प हा अवकाशाचाच एक भाग व्हावा, असें त्यांनीं ठरविलें.

हें बोलावयास सोपें आहे, करावयाचें कसें? १९२९ सालची त्यांची चौथी ‘अवकाश-रचना’ घेऊं. ती फार मोठी नाहीं. लांबी ६४ सेंटिमीटर, रुंदी ४० आणि उंचीहि ४०. आपल्या दिवाणखान्यांतील एखाद्या तिवईवर ती सहज मावेल. पोलादी पत्र्याचे कांहीं सपाट तुकडे, कांहीं उभे, कांहीं आडवे, आणि त्यांना छेद देणारी एखादी वळणदार पट्टी. कोठेंहि पेटी तयार होत नाहीं. पत्रे एकमेकांना भिडतात, पण जागा कोंडून टाकीत नाहींत. वारा एका बाजूनें शिरला तर दुसऱ्या बाजूनें निघून जाईल. ह्या पत्र्यांवर तांबडा, निळा, पिवळा, पांढरा, काळा असे रंग दिलेले आहेत, आणि एकाच पत्र्याच्या दोन अंगांना दोन निराळे रंग आहेत.

रंग हे शोभेसाठीं नाहींत, ही येथली मर्माची गोष्ट आहे. सबंध रचना एकाच रंगाची असती तर डोळ्यानें ती लागलीच एक वस्तु म्हणून जमा केली असती. रंगांमुळें तसें करतां येत नाहीं. इकडचा तांबडा तुकडा शेजारच्या निळ्याला सोडून पलीकडच्या तांबड्याशीं नातें जोडतो, आणि हें नातें मधल्या रिकाम्या जागेंतून जातें. म्हणजे ती जागा रिकामी राहिली नाहीं. ती कामाला लागली. दोन पावलें बाजूला सरका, कीं तांबडा लुप्त होतो, तेथें पांढरा येतो, जें आडवें वाटत होतें त्याच्याखालीं एक खोली दिसूं लागते. पुढून पाहून मागची बाजू कशी असेल ह्याचा अंदाज करतां येत नाहीं. मूर्तीच्या बाबतींत तो करतां येतो. पुतळ्याचें तोंड पाहिलें कीं पाठ कशी असेल हें आपण जाणतों. येथें सबंध फेरी मारल्यावांचून सुटका नाहीं, आणि फेरी मारावयाला वेळ लागतो. एका मात्रेवर बोट ठेवून तालाचें ज्ञान होत नाहीं, सम पुन्हां येईपर्यंत ऐकावें लागतें. तसेंच हें आहे. म्हणूनच १९३१ सालीं पतिपत्नींनीं मिळून जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्याच्या नांवांत अवकाश-रचनेबरोबर ‘काल-अवकाशाच्या लयीची गणना’ असेहि शब्द आहेत.

गणना हा शब्द त्यांनीं अक्षरशः वापरला आहे. वर सांगितलेलीं मापें पुन्हां पाहा: ६४ आणि ४०. त्यांच्या दुसऱ्या कांहीं रचनांत २५ हेंहि माप येतें. चौसष्टाचे पांच अष्टमांश चाळीस, आणि चाळिसाचे पांच अष्टमांश पंचवीस. आठास पांच हें एकच प्रमाण सबंध रचनेपासून तिच्या लहानांत लहान पट्टीपर्यंत खेळविलेलें आहे. ह्या प्रमाणांत कांहीं दैवी गुण आहे असें मला वाटत नाहीं, आणि तसें मानण्याची गरजहि नाहीं. तटबंदी पाडल्यावर तुकडे विखरूं नयेत म्हणून कांहींतरी धागा हवा. भरीवपणा गेला, तेव्हां ती जबाबदारी संख्येनें उचलली, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय बाईंच्या मतें शिल्प ही दिवाणखान्याची शोभा नव्हती. माणसें घरांत, शाळेंत, कारखान्यांत कशीं वावरतात, त्या हालचालींसाठीं जागा कशी बांधावी, ह्याची ती प्रयोगशाळा होती. १९३२ ते ३४ च्या दरम्यान त्यांनीं एका बालशाळेचा आराखडाहि ह्याच तत्त्वावर तयार केला.

ह्या विचाराचें श्रेय बरेच दिवस नवऱ्याच्या पदरांत टाकलें जाई. स्त्शेमिन्स्की मोठा सिद्धान्तकार होता, हें खरें. पण त्याचीं चित्रें चौकटीच्या आंतलीं आहेत; चौकट नसलेल्या जागेचा प्रश्न ज्याच्या हातांत पत्रा आहे त्यालाच पडतो. मला तरी त्या पुस्तकांतला शिल्पाविषयींचा गाभा कोब्रोबाईंचा वाटतो.

१९३६ च्या नोव्हेंबरांत त्यांना मुलगी झाली. तिचें नांव निका. मूल प्रकृतीनें नाजूक, नवरा अपंग, मिळकत तुटपुंजी. शिल्पकाम जवळजवळ थांबलें. मग १९३९ चा सप्टेंबर उजाडला आणि जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें. हें कुटुंब पूर्वेकडे विलेइका गांवीं गेलें व १९४० सालीं परत वुचला आलें. शहर तोंवर जर्मन राज्यांत सामील करण्यांत आलें होतें. मागें ठेवलेलीं शिल्पें फेंकून देण्यांत आलीं होतीं; त्यांतलीं कांहीं बाईंनीं कचऱ्याच्या ढिगांतून वेंचून परत आणलीं. नव्या राज्यकर्त्यांच्या दप्तरांत आपली नोंद कोणत्या वंशाखालीं करावयाची, हा प्रश्नहि पुढें आला. जर्मन रक्ताचा दाखला त्यांना जोडतां आला असता. त्यांनीं ‘रशियन’ म्हणून सही केली.

१९४५ सालच्या कडक थंडींत घरांत जळण नव्हतें आणि मूल उपाशी होतें. तेव्हां कोब्रोबाईंनीं आपलीं लांकडी शिल्पें फोडून चुलींत घातलीं आणि त्या विस्तवावर मुलीसाठीं अन्न शिजविलें. त्यांतील कित्येक कृतींचें आतां वर्णनहि कोठें सांपडत नाहीं. लोखंड जळत नाहीं, म्हणून पत्र्याच्या रचना तेवढ्या वांचल्या. त्या त्यांनीं युद्ध संपतांच वुचच्या संग्रहालयाला देऊन टाकल्या.

युद्ध संपलें, तरी घरांतलें युद्ध संपलें नाहीं. संसार विसकटला होता. नवरा कुबडीनें आईला मारीत असे, असें मुलीनें पुढें आपल्या आठवणींत लिहिलें आहे. १९४७ सालीं तीं दोघें विभक्त झालीं आणि मुलीच्या ताब्याचा तंटा न्यायालयांत गेला. त्यानंतर ती जुनी सही वर आली. पोलिश राष्ट्रीयत्व टाकल्याच्या आरोपावरून १९४९ सालीं त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलांत त्या निर्दोष सुटल्या. पोट भरण्यासाठीं त्या शाळेंत रशियन भाषा शिकवीत. ह्या धामधुमींतच, १९४८ सालीं, त्यांनीं मातीकामाकडे परतून कांहीं लहान नग्न स्त्रीमूर्ति केल्या. त्याच त्यांच्या अखेरच्या कृति. पुढें कर्करोगानें २१ फेब्रुवारी १९५१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वय त्रेपन्न वर्षांचें.

त्याच १९४८ सालीं संग्रहालय पोझ्नान्स्की ह्या गिरणीमालक घराण्याच्या वाड्यांत आलें होतें आणि स्त्शेमिन्स्कीनें तेथें एक दालन रंगविलें होतें. भिंतींवर व छतावर तांबडे, निळे, पिवळे, पांढरे, काळे आयत. आणि त्या दालनांत मांडावयाचीं तीं कोब्रोबाईंचीं शिल्पें. संसार मोडल्यावर पतीनें पत्नीच्या कामासाठीं केलेली ही खोली आहे, ह्याचा अर्थ ज्यानें त्यानें लावावा. १९५० सालीं सरकारी कलाधोरणाला हा प्रकार मानवेना. भिंतींवर सफेदी फिरविण्यात आली आणि शिल्पें उचलण्यांत आलीं. स्त्शेमिन्स्कीलाहि त्याच वर्षीं शाळेंतील नोकरीवरून काढलें, आणि १९५२ च्या डिसेंबरांत तो क्षयानें वारला.

धोरण सैल झाल्यावर, १९५६-५७ सालीं वुच व वॉर्सा येथें दोघांच्या कृतींचें एकत्र प्रदर्शन झालें. १९६० सालीं स्त्शेमिन्स्कीचा विद्यार्थी बोलेस्वाव उत्किन ह्यानें तें दालन पुन्हां जसेंच्या तसें रंगविलें. २०१८ सालीं पॅरिसच्या पाँपिदू केंद्रानें ह्या जोडप्याच्या कामाचें मोठें प्रदर्शन भरविलें. छतापासून टांगलेल्या ज्या आरंभींच्या रचना नष्ट झाल्या होत्या, त्या जुन्या छायाचित्रांवरून नव्यानें घडविण्यांत आल्या आहेत. अशा रचनेच्या नांवापुढें दोन सालें लिहितात: एक कोब्रोबाईंनीं ती केली त्याचें, आणि दुसरें ती पुन्हां केली त्याचें. चुलींत गेलेल्या लांकडी शिल्पांना मात्र दुसरें साल मिळालेलें नाहीं.