काजूचे झाड वाळते का?

भरल्या बागेतले काजूचे झाड वाळू लागले की कुणी म्हणते, दृष्ट लागली. दृष्ट नव्हे, तो रोठा!

रोठा हा लांब मिशांचा, तांबूस-तपकिरी भुंगेरा. घात करते ती त्याची अळी. मादी खोडावर जमिनीपासून ३ फुटांपर्यंत, सालीच्या भेगांत आणि उघड्या मुळांवर तांदळाच्या दाण्यासारखी अंडी घालते. आठवडाभरात अळी निघून सालीखाली शिरते व पोखरत जाते. झाडाचा अन्नरस तिथूनच वाहतो. ती वाट चोहोबाजूंनी तुटली की झाड मेलेच. पाने पिवळी पडेपर्यंत थांबलात तर फार उशीर होतो.

म्हणून डिसेंबर ते मे या महिन्यांत बुंधे नीट तपासावे. डिंक व भुसा दिसताच पटाशीने साल काढून अळी मारावी. उघडी मुळे मातीने झाकावी. १ लिटर पाण्यात ५० मिलिलिटर कडुनिंबाचे तेल व थोडा साबण घालून ते बुंध्याला लावावे.

मेलेले झाड मात्र ठेवू नये. अळी खोडातच कोश करते, आणि तेच भुंगेरे पुढे शेजाऱ्याच्या बागेत जातात. झाड मुळांसकट काढून जाळावे. एकाची हयगय साऱ्या वाड्याला भोवते.