सौर बंब निवडताना पाणी पाहा

घरगुती सौर बंबाचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात काचेखाली काळा लेप दिलेला धातूचा पत्रा व त्याला जोडलेल्या तांब्याच्या बारीक नळ्या असतात. दुसऱ्यात दुहेरी काचेच्या नळ्या असतात. दोन थरांमधली हवा काढून घेतल्याने, थर्मासप्रमाणे, उष्णता फारशी बाहेर जात नाही. दोन्हींत सहसा पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, थंड पाणी खाली येते.

100 लिटर पाणी 25 पासून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यास सुमारे 4 युनिट वीज लागते. ती वाचते.

मग बारामती-इंदापूरकडे कोणता प्रकार घ्यावा? घरात नीरा डाव्या कालव्याचे पाणी येते की बोअरचे, हे आधी पाहावे. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम बायकार्बोनेट तापल्यावर विघटित होते व अविद्राव्य कार्बोनेटचा थर साचतो. बारीक नळ्या त्याने तुंबतात. रुंद काचनळ्या साफ करता येतात, पण त्या फुटू शकतात.

विद्यार्थ्यांना बोअरचे व पावसाचे पाणी सारख्या बाटल्यांत घेऊन, साबणाच्या द्रावणाचे थेंब मोजत, फेस काढायला सांगा. डिटर्जंट मात्र वापरू नये. बोअरच्या पाण्याला फार जास्त थेंब लागले, तर खरेदीपूर्वी घरच्यांना सावध करता येईल.