ओसाड ग्रहावरचा पहिला पाऊस

संगणकावरच्या खेळांत तगून राहण्याचे खेळ म्हणून एक प्रकार आहे. पडद्याच्या कोपऱ्यात भूक, तहान, श्वास यांच्या पट्ट्या उतरत असतात. त्या संपू द्यायच्या नाहीत, एवढेच काम. एरवी जोडीला शत्रू असतोच. 'मिजू गेम्स' या छोट्या फ्रेंच चमूने २०२४ साली पूर्ण केलेल्या 'द प्लॅनेट क्राफ्टर'मध्ये मात्र कुणाला मारायचे नाही. एका कैद्याला निर्जीव ग्रहावर सोडले आहे आणि तो ग्रह राहण्याजोगा करणे हीच त्याची शिक्षा आहे.

या खेळात दोन वह्या चालतात. पहिली स्वतःच्या श्वासाची. टाकी लहान, म्हणून लोखंड, बर्फ वेचायला निघाले की परतीपुरता प्राणवायू राखावा लागतो. मराठीने फारसीतून 'दम' घेतला आणि श्वासही त्यात बसवला, थकवाही, धीरही. खेळाचा पहिला तास त्या एका शब्दात सांगता येतो, बघा.

दुसरी वही ग्रहाची: प्राणवायू, उष्णता, दाब. जमीन पोखरणारी यंत्रे दाब वाढवतात, तापवणारी यंत्रे उष्णता, नळकांड्यांतली रोपे प्राणवायू. नुसते आकडेच वाढत राहिले असते, तर खेळणारा कंटाळला असता. म्हणून ठरावीक बेरजेला ग्रह काहीतरी दाखवतो. आधी आकाश निळे होते, मग ढग, मग पाऊस. बर्फ वितळून नव्या वाटा मोकळ्या होतात आणि सखल जागी बांधलेले घर पाण्याखालीही जाते! पुढे शेवाळ, झाडे, कीटक. आणि हवा श्वास घेण्याजोगी झाली की टाकीची पट्टी उतरायची थांबते. दोन्ही वह्या इथे एक होतात. रचनाकाराचे खरे कसब मला इथेच दिसते.

काळाच्या बाबतीत खेळ सवलत घेतो, ती द्यावी. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, निळ्या-हिरव्या सूक्ष्म जीवाणूंमुळे. स्वीडनच्या याकोब फ्रिक्सेलियस यांच्या 'टेराफॉर्मिंग मार्स' या २०१६च्या बैठ्या खेळात निदान प्रत्येक फेरीला 'पिढी' म्हणतात.

माझी तक्रार वेगळी आहे. इथे आकडा एकदा चढला की उतरत नाही. मंगळावर कधीकाळी नद्या वाहत होत्या. त्याची बरीचशी हवा अवकाशात निसटली आणि आज तिथला दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. यंत्रे बंद पडली की आभाळ पुन्हा विटू लागेल, असा एखादा नियम हवा होता. मग पडलेला पाऊस राखण्याचेही काम त्या कैद्याला लागले असते.