तुमच्या नावावर आधीच मत पडलंय?

"ताई, तुमचं मतदान झालंय," असं केंद्रावर सांगितलं की बहुतेक जणी गुपचूप घरी फिरतात. बोट कोरं असूनही! विधानसभा-लोकसभेला असं झालं तर हलू नका. ओळखपत्र दाखवा, डाव्या हाताची तर्जनी दाखवा आणि केंद्राध्यक्षांकडे 'टेंडर मत' मागा. सरकारी भाषेत प्रदत्त मत. ओळख पटली की ते मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर द्यायचं. ती वेगळ्या पाकिटात जाते. नेहमीच्या मोजणीत हे मत धरत नाहीत, पण निकाल कोर्टात गेला तर कामी येतं. म्हणून खरं तर सकाळीच मत देऊन यावं. आणि दुसऱ्याच्या नावावर कुणी रांगेत दिसलं, तर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला सांगा. २ रुपये भरून त्याला तिथंच हरकत घेता येते, मत पडायच्या आधी.