जैवपेढी : ठेव आणि विश्वास

व्यापारी बंधूंना ‘पेढी’ हा शब्द नवा नाही. ठेवीदार आपली पुंजी पेढीवर ठेवतो, ती मालकाच्या शब्दावर विसंबून. अलीकडच्या काळात जगात एक निराळी पेढी उदयास आली आहे. तीत लक्षावधी माणसांच्या रक्ताचे नमुने, त्यांच्या प्रकृतीची माहिती व त्यांच्या जनुकांचा आलेख जतन केला जातो. तीस जैवपेढी असे म्हणतात. मधुमेह, हृद्रोग यांसारख्या विकारांत अनेक जनुकांचा अल्पस्वल्प वाटा असतो. तो ओळखावयाचा तर थोड्याथोडक्या रुग्णांची तपासणी पुरत नाही. म्हणून हा एवढा मोठा संग्रह.

परंतु ही ठेव लोकांकडून कोणत्या रीतीने घ्यावी? या प्रश्नाचा मोठा धडा आइसलँडने दिला. त्या वेळी सुमारे पावणेतीन लाख वस्ती असलेल्या त्या देशात वंशावळी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये तेथील संसदेने कायदा करून सर्व नागरिकांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र करण्याचा मार्ग मोकळा केला व पुढे त्याचा परवाना ‘डिकोड’ या खाजगी कंपनीस मिळाला. जो लेखी नकार देणार नाही त्याची संमती गृहीत धरावयाची, असा नियम होता. सुमारे वीस हजार लोकांनी नकार कळविला. एका कन्येने आपल्या दिवंगत पित्याच्या नोंदी देण्यास हरकत घेतली. पित्याच्या माहितीवरून आपल्याविषयीही अनुमान निघू शकते, असे तिचे म्हणणे होते. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तो नियोजित संग्रह कधीच उभा राहिला नाही. याच कंपनीस स्वेच्छेने व लेखी संमतीने नमुने देणारे मात्र लाखाहून अधिक लोक मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. लोकांचा विरोध विज्ञानास नव्हता, न विचारता घेण्यास होता.

ब्रिटनने दुसरी वाट धरली. तेथील जैवपेढीने आरंभापूर्वी लोकांची मते अजमावली, नियमावली प्रसिद्ध केली आणि २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाचे पाच लाख स्वयंसेवक मिळविले. त्यांपैकी कोणासही केव्हाही अंग काढून घेता येते.

हा विषय आपणांस दूरचा वाटेल. तसा तो नाही. जातीतच विवाह करणाऱ्या समाजांत काही आनुवंशिक दोष पिढ्यान्‌पिढ्या आतल्या आत फिरत राहतात. आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. त्यातील काही व्यक्तींच्या रक्तात एका विकराची उणीव असते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी देण्यात येणाऱ्या विशिष्ट स्नायुशिथिलक औषधाचा अंमल त्यांच्यावर धोकादायक इतका लांबतो. हे आधी ठाऊक असेल तर वैद्य दुसरे औषध योजू शकतो. अशी माहिती समाजातील माणसांनी रक्त दिल्यावाचून हाती येत नाही. आणि तीच माहिती गैरहाती पडल्यास एखाद्या समाजास नाहक दूषण लागते किंवा सोयरिकी अडतात, हेही तितकेच खरे.

भारतात ‘जीनोम इंडिया’ या सरकारी प्रकल्पाने दहा हजार व्यक्तींचे जनुकीय आलेख तयार केले असून जानेवारी २०२५ मध्ये ते संशोधकांसाठी उपलब्ध केले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नमुन्याचा धनी तो देणारा होय. जैवपेढी केवळ विश्वस्त.

म्हणून उद्या आपल्या दारी कोणी नमुना मागावयास आले, तर भीतीने दार लावू नये व संकोचाने मुकाट सहीही करू नये. नमुना कोठे राहील, कोण पाहील, नफा झाल्यास त्यात समाजाचा वाटा काय आणि मागे घेता येईल काय, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे लेखी मिळाल्यावर घरातील वडीलधाऱ्यांशी व मुलांशीही बोलावे. कारण या ठेवीत त्यांचाही हिस्सा आहे.